अक्राला पहिल्यांदा जाताना

पश्चिम आफ्रिकेतले एखादे शहर पाहायचे मनात असेल, तर सुरुवात घानाच्या राजधानीपासून करावी असे मी आग्रहाने सांगेन. इंग्रजी सगळीकडे चालते आणि सत्ता वर्षानुवर्षे निवडणुकांतून बदलते. नवख्या माणसाला रस्ता दाखवण्यासाठी इथले लोक हातातले काम बाजूला ठेवतात. नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने अक्रात राहणारी भारतीय कुटुंबेही बरीच आहेत. त्यांच्याकडे जाणारे आई-वडील किंवा भावंडे बहुधा पंधरा दिवसांचा बेत आखून निघतात आणि तयारीत पर्यटनस्थळांच्या याद्या करत बसतात. अक्राला जाताना यादी थोडी उशिरा केली तरी चालते. लस, ऋतू आणि राहण्याचा भाग या तीन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात. त्या नीट ठरल्या की मग शहरासाठी मोकळा वेळ ठेवता येतो, आणि अक्राला खरी गरज मोकळ्या वेळेचीच आहे.

सुरुवात लशीपासून

पीतज्वराची, म्हणजे यलो फिव्हरची, लस घेतल्याचे पिवळे कार्ड नसेल तर घानात प्रवेश मिळत नाही. हा नियम बहुतेकांना ठाऊक असतो. त्याची दुसरी बाजू अनेकांच्या लक्षात येत नाही. हेच कार्ड भारतात परतताना मुंबई विमानतळावरही दाखवावे लागते. पीतज्वर पसरवणारा एडिस डास आपल्याकडे आहे, रोग मात्र नाही. तो येऊ नये म्हणून भारत सरकार याबाबतीत फार कडक आहे. घानासारख्या देशातून वैध प्रमाणपत्राशिवाय आलेल्या प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते, मग तो भारताचा नागरिक का असेना.

प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होते. म्हणजे शुक्रवारी विमान आणि सोमवारी लस, असे करून भागत नाही. ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही. ती फक्त सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांवर, बहुतेक ठिकाणी आठवड्यातल्या ठरावीक वारी आणि आधी नाव नोंदवून मिळते. जाताना मूळ पासपोर्ट न्यावा लागतो. निघण्याच्या निदान महिनाभर आधी हे काम उरकावे. एकदा घेतलेली लस आता आयुष्यभर ग्राह्य धरतात, त्यामुळे दहा वर्षांनी पुन्हा टोचून घ्यायची जुनी अट राहिलेली नाही.

लशीत जिवंत पण दुर्बल केलेला विषाणू असतो. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गरोदरपण, प्रतिकारशक्ती कमी करणारे आजार किंवा औषधे यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावे. साठीच्या पुढच्या व्यक्तीने पहिल्यांदाच ही लस घ्यायची असेल तर तिनेही विचारून घ्यावे. मुलाकडे निघालेल्या आई-वडिलांच्या बाबतीत हा प्रश्न हमखास येतो. तिकीट काढण्याआधी त्याचे उत्तर मिळालेले बरे. वैद्यकीय कारणाने सूट मिळाली, तरी परत येताना काय करावे लागेल हे त्याच केंद्रात स्पष्ट विचारून घ्या.

हिवताप

मलेरिया आपल्या ओळखीचा आहे, म्हणून आपण तो हलक्यात घेतो. घानातला मलेरिया मुख्यत्वे फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे मेंदूपर्यंत जाऊ शकणारा असतो. क्लोरोक्वीन तिथे उपयोगाचे नाही. प्रतिबंधासाठी ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल, डॉक्सिसायक्लिन किंवा मेफ्लोक्विन यांपैकी एक औषध डॉक्टर लिहून देतात. पहिले परतल्यानंतर सात दिवस आणि दुसरी दोन्ही चार आठवडे चालू ठेवायची असतात. घरी आलो, आता कशाला गोळ्या, असे म्हणून थांबवू नये. परतल्यावर काही आठवड्यांनी ताप आला तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की मी घानाहून आलो आहे. तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी.

व्हिसा आणि विमान

भारतीय पासपोर्टवर घानाचा व्हिसा आधी काढावा लागतो. त्यासाठी नवी दिल्लीतल्या घानाच्या उच्चायुक्तालयाकडे अर्ज करायचा असतो. कुणाकडे उतरणार असाल तर त्यांचे निमंत्रणपत्र आणि तिथल्या ओळखपत्राची प्रत आधीच मागवून ठेवा.

मुंबईहून अक्राला थेट विमान नाही. अदिस अबाबा, दुबई किंवा नैरोबीला विमान बदलून जाता येते. अदिसचा मार्ग नकाशावर सर्वांत सरळ. विमानतळ शहराच्या पोटातच आहे. कोटोका या नावाने तो लोकांना माहीत आहे आणि २०१८ साली सुरू झालेले तिसरे टर्मिनल प्रशस्त आहे. घड्याळ साडेपाच तास मागे करायचे. घानाची वेळ ग्रीनिचचीच आहे. मूळ रेखावृत्त अक्राच्या शेजारच्या टेमा बंदरावरूनच जाते.

कोणत्या महिन्यात जावे

अक्रा विषुववृत्ताच्या उत्तरेला जेमतेम साडेपाच अंशांवर आहे, तेव्हा थंडी ही गोष्ट तिथे नाही. पण धो धो पाऊसही नाही. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा हा तुकडा शेजाऱ्यांच्या मानाने कोरडा आहे. मोठा पाऊस एप्रिलपासून जुलैच्या मध्यापर्यंत, त्यातला जून सर्वांत ओला. पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये थोडा. पाऊस कमी असला तरी पडतो तेव्हा तासा-दोन तासांत पडतो आणि गटारे तुंबलेली असतात. ३ जून २०१५ च्या पुरात क्वामे एन्क्रुमा सर्कल भागातल्या पेट्रोल पंपावर आग लागून दीडशेहून अधिक माणसे गेली. अक्राची माणसे जूनमधल्या काळ्या ढगांकडे तेव्हापासून वेगळ्या नजरेने पाहतात. जोराचा पाऊस लागला तर असाल तिथेच थांबायचे.

डिसेंबर ते फेब्रुवारी हरमॅटन वाहतो. हा सहारावरून येणारा कोरडा, धुळकट वारा. सूर्य पांढरट दिसतो, ओठ फुटतात, दम्याच्या रुग्णांना त्रास होतो. डिसेंबर टाळण्याचे आणखी एक कारण आहे. पहिली गुलाम माणसे व्हर्जिनियात उतरवली त्याला चारशे वर्षे झाली म्हणून घानाने २०१९ हे ‘परतीचे वर्ष’ जाहीर केले. त्या वर्षापासून अमेरिका आणि ब्रिटनमधले कृष्णवर्णीय लोक नाताळात मोठ्या संख्येने अक्रात येऊ लागले. रात्र रात्र गाणे-बजावणे चालते, हॉटेलांचे दर चढतात आणि वाहतूक अडकून पडते. तरुणांना हीच अक्रा हवी असते. पहिल्या भेटीसाठी, आणि सोबत वडीलधारी माणसे असतील तर, मी ऑगस्ट सुचवेन. तो वर्षातला सर्वांत सुखद महिना. ढगाळ आणि वाऱ्याचा.

ऑगस्टमध्येच गा लोकांचा होमोवो सण असतो. गा म्हणजे अक्राचे मूळ रहिवासी. त्यांच्या पूर्वजांनी सोसलेल्या दुष्काळाच्या आठवणीचा हा सण. मक्याच्या पिठाचे पाम तेलातले क्पोक्पोइ शिजवतात आणि कुटुंबप्रमुख ते आधी पूर्वजांसाठी अंगणात, उंबऱ्यापाशी शिंपतात. सणाच्या आधी मे-जूनच्या सुमारास महिनाभर शहरात ढोल आणि मोठा आवाज वर्ज्य असतो. देवळा-चर्चांचे ध्वनिवर्धकही उतरवावे लागतात. तेवढ्या दिवसांत तुम्ही गेलात तर संगीताचे कार्यक्रम शोधत फिरू नका.

राहायचे कुठे

राहण्याची जागा चुकली तर रोजचे तीन तास गाडीत जातात. पहिल्या खेपेला ओसू, लाबोने किंवा कँटोन्मेंट्स हे तीन शेजारी भाग निवडावेत. समुद्र जवळ, जुने शहर वीस-पंचवीस मिनिटांवर, रात्री जेवायला पायी जाता येते. ओसूचा मुख्य रस्ता ऑक्सफर्ड स्ट्रीट म्हणून ओळखला जातो. तो गजबजलेला आहे, तेव्हा त्याला लागून खोली घेऊ नका, दोन गल्ल्या आत घ्या. ईस्ट लेगॉन श्रीमंतांचा, नवा आणि ऐसपैस भाग, पण गाडीशिवाय तिथे अडकल्यासारखे होते. स्पिंटेक्स रोडवर भाडे कमी असते, वाहतूक मात्र सोसवत नाही. मुलगा किंवा मुलगी तिकडे राहत असेल तर निदान दोन रात्री ओसूत काढाव्यात.

पत्ता सांगताना घर क्रमांकाचा उपयोग कमीच. ‘अमुक पंपाच्या पुढे, तमुक चर्चच्या समोर’ असेच सांगतात. २०१७ पासून टपाल खात्याने प्रत्येक जागेला अक्षरे आणि आकड्यांचा डिजिटल पत्ता दिला आहे, तो यजमानांकडून मागून फोनमध्ये ठेवा.

पैसे, फोन, वीज

चलन सेडी. शंभर पेसेवांचा एक. त्याचा भाव गेल्या काही वर्षांत खूप वर-खाली झाला आहे, म्हणून निघण्याच्या आठवड्यातच दर पाहावा. रुपये तिथे बदलून मिळत नाहीत. अमेरिकी डॉलर न्यावेत, नोटा नव्या आणि न दुमडलेल्या असाव्यात, आणि बदलायच्या त्या अधिकृत परकीय चलन केंद्रातच. यूपीआय किंवा रुपे कार्डाच्या भरवशावर जाऊ नका. स्थानिक लोक बहुतेक व्यवहार ‘मोमो’ने, म्हणजे मोबाइल पैशाने करतात. नारळवाली आणि टॅक्सीवालासुद्धा. एमटीएनचे सिम पासपोर्ट दाखवून घेता येते.

वीज २३० व्होल्टचीच. पण भिंतीत बहुतेक ठिकाणी चौकोनी तीन दांड्यांचा ब्रिटिश सॉकेट असतो, त्याचा ॲडॅप्टर घ्या. वीज जाते-येते. त्या खेळाला घानात ‘दुमसोर’ म्हणतात आणि त्यावरून निवडणुकाही लढल्या गेल्या आहेत.

रस्त्यावर

घानात वाहने उजवीकडून चालतात. ४ ऑगस्ट १९७४ पर्यंत ती आपल्यासारखीच डावीकडून चालत, मग एका रात्रीत बदल झाला. रस्ता ओलांडताना आपली मान सवयीने आधी उजवीकडे वळते, तिथे गाडी डावीकडून येते. पहिले दोन दिवस कुणाचा तरी हात धरून ओलांडा, हे मी अगदी मनापासून सांगतो.

ॲपवरच्या टॅक्सी मुबलक आहेत. रस्त्यावरच्या टॅक्सीच्या चारही कोपऱ्यांचे पत्रे केशरी-पिवळे असतात. तिला मीटर नसतो, भाडे बसण्याआधी ठरवायचे. ट्रोट्रो मात्र एकदा तरी अनुभवाच. ही युरोपातून वापरून आलेली जुनी व्हॅन असते आणि तिच्या मागच्या काचेवर बायबलमधले वचन किंवा मालकाचा एखादा खंबीर विचार रंगवलेला असतो. दारात लटकलेला पोरगा म्हणजे मेट. तो ‘सर्क-सर्क-सर्क’ असे ओरडत तर्जनी खाली करून हवेत गोल गोल फिरवतो, याचा अर्थ गाडी क्वामे एन्क्रुमा सर्कलला जाणार. गोंगाटात ऐकू आले नाही तरी बोटावरून कळते. पैसे मागच्या रांगेतून हातोहात पुढे येतात आणि सुटे त्याच वाटेने मागे जातात. मध्ये बसलेला प्रत्येक माणूस हिशेबाचा साक्षीदार. उतरायचे असेल तेव्हा ‘मेट, बस स्टॉप’ एवढे म्हटले की पुरे.

सिग्नलला थांबले की डोक्यावर घमेली घेतलेल्या बायका आणि मुले गाड्यांच्या मधून धावू लागतात. केळ्याचे काप, टॉवेल, फोनचे चार्जर, आणि अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या पिशवीतले थंड पाणी. पिशवीचा कोपरा दाताने तोडून पाणी चोखायचे असते. आपण बाटलीतलेच पाणी प्यावे, नळाचे नको.

आधी नमस्कार

कोणालाही काही विचारण्याआधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचे, कसे आहात विचारायचे, मग प्रश्न. दुकानात शिरून थेट किंमत विचारणे तिथे उद्धटपणाचे वाटते. खोलीत शिरणाऱ्याने आधी बसलेल्यांना अभिवादन करायचे. डाव्या हाताने काही देऊ-घेऊ नये आणि डाव्या हाताने खूणही करू नये. आपल्या घरातल्या आजीने हेच शिकवलेले असते, पण मोबाइल उजव्या हातात असला की आपण विसरतो. वयाने मोठ्या बाईला ‘आंटी’, पुरुषाला ‘अंकल’ म्हणा. समवयस्क तरुण एकमेकांना ‘चाले’ म्हणतात. हस्तांदोलनाच्या शेवटी दोघांची मधली बोटे एकमेकांवर आपटून चुटकी वाजवतात. सुरुवातीला जमत नाही, समोरचा हसून पुन्हा हात पुढे करतो.

निघण्याआधी एक गोष्ट जरूर शोधून ठेवा. तुमचा जन्मवार. अकान लोकांत मुलाचे पहिले नाव जन्मवारावरून पडते. शुक्रवारी जन्मलेला कोफी, संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्यासारखा. शनिवारचा क्वामे. मुली सोमवारची अज्वा, मंगळवारची अबेना, गुरुवारची या, शनिवारची आमा. तुम्ही सोमवारी जन्मला असाल तर सांगा, बाजारातली बाई त्या क्षणापासून तुम्हाला कोजो म्हणेल. आपली पंचांगाची सवय इथे कामाला येते.

फोटोबाबत सावध राहा. विमानतळ, लष्करी इमारती आणि राष्ट्राध्यक्षांचे ज्युबिली हाउस यांचे फोटो काढू नयेत. माणसांचे विचारल्याशिवाय नकोत. लष्करी नक्षीचे कपडे, साधी टोपीसुद्धा, नागरिकांना घालायला बंदी आहे, ती बॅगेत घेऊच नका. आणि कोणी स्वस्तात सोने मिळवून देतो म्हणाले तर नमस्कार करून निघा. घाना सोन्याचा देश आहे, त्यामुळे फसवणूकही सोन्याच्याच नावाने होते.

शाकाहाऱ्याचे ताट

शाकाहारी माणसाची अक्रात उपासमार होते, हा समज चुकीचा आहे. अडचण वेगळी आहे. ‘मीट नको’ म्हटले की मासा येतो, मासा नको म्हटले की सुकी कोलंबी येते. म्हणून मांस, मासा, कोलंबी आणि अंडे यांची नावे एकेक घेऊन नाही म्हणायचे. शितो ही काळी, तिखट चटणी प्रत्येक टपरीवर असते आणि तिच्यात सुकी मासळी वाटलेली असते. ती नको म्हणून वेगळे सांगावे.

मग काय खायचे? सकाळी वाचे. तांदूळ आणि चवळी एकत्र शिजवतात आणि त्यात ज्वारीच्या ताटाची सुकी, तांबडी पाने टाकतात. भाताला मातकट जांभळा रंग आणि मंद सुवास येतो. ज्वारी पिकवणाऱ्या आपल्या मुलखात पानांचा हा उपयोग कुणाला सुचला नाही याचे मला आश्चर्य वाटते. सकाळी सात वाजताच टपरीपुढे कार्यालयात जाणारे, शाळेची मुले, टॅक्सीवाले सगळे एका रांगेत उभे असतात. बाई मोठ्या पातेल्यातून डावाने भात रुंद हिरव्या पानावर घालते. वर कोरडी गारी भुरभुरते आणि टोमॅटोचा रस्सा ओतते. काय हवे आणि काय नको हे डाव वर उचलण्याआधी सांगायचे, नंतर उपयोग नाही. गारी म्हणजे किसून, आंबवून, भाजलेला कसावा. आपला साबुदाणा होतो तोच कंद.

रेड रेड हे नाव विचित्र वाटेल, पण शाकाहाऱ्याचा तोच मुख्य आधार. तांबड्या पाम तेलातली चवळीची उसळ आणि तळलेले पिकले राजेळीसारखे केळे. उसळीत मासा घातला नाही ना, एवढे विचारायचे. संध्याकाळी केलेवेले. त्याच केळ्याचे तुकडे आले-मिरची लावून तळतात आणि भाजलेल्या शेंगदाण्यांबरोबर कागदात देतात. केंके म्हणजे आंबवलेल्या मक्याचा कणसाच्या पानात वाफवलेला गोळा. त्याच्याबरोबर खरबरीत मातीच्या भांड्यात रगडलेली मिरची, टोमॅटो, कांदा. तळलेला मासा वगळून हे जेवण पूर्ण होते. कोन्तोमिरेची भाजी अळूच्या कुळातल्या पानांची असते, पण तिच्यात बहुधा धुरावलेला मासा पडतो. घरी कोणी रांधून देत असेल तरच खा. प्यायला सोबोलो, लाल अंबाडीच्या बोंडांचे आले घातलेले सरबत.

मांसाहाऱ्यांना काही सांगायला नको. त्यांनी फुफू आणि शेंगदाण्याचे सूप खावे, उजव्या हाताने आणि न चावता.

जेम्स टाउन आणि एन्क्रुमा

अक्रा समजून घ्यायचे तर समुद्राकाठच्या तीन किल्ल्यांपासून. इंग्रजांचा जेम्स फोर्ट, डचांचा किल्ला जो पुढे अशर फोर्ट झाला, आणि ओसूला डेन्मार्कचा क्रिश्चनबोर्ग. तिन्ही सतराव्या शतकातले, तिन्ही एकमेकांपासून चार-पाच किलोमीटरच्या आत. युरोपातले तीन देश एकाच किनाऱ्यावर सोने आणि माणसे विकत घेत बसले होते. किल्ल्यांच्या सावलीत गा लोकांच्या वस्त्या वाढल्या, त्यांचे हे शहर. इंग्रजांनी १८७७ मध्ये गोल्ड कोस्टची राजधानी केप कोस्टहून इथे आणली.

जेम्स टाउनला सकाळी जावे. दीपगृहापाशी वाटाडे भेटतात, पैसे आधी ठरवून एकाला सोबत घ्या. त्याच्याशिवाय गल्ल्यांत शिरू नका, कारण गल्ली म्हणजे तिथे लोकांचे अंगणच असते. बुकोम भागात मुष्टियुद्धाच्या तालमी आहेत. जागतिक विजेता अझुमा नेल्सन याच शहरातला. बंदरावर एकाच झाडाच्या खोडाला आधार करून बांधलेल्या लांब रंगीत होड्या दिसतात. मंगळवारी गा कोळी समुद्रात जात नाहीत, तो समुद्राच्या विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी सगळी होडकी काठावर असतात आणि माणसे जाळी विणत बसलेली असतात. गप्पा मारायला हाच वार चांगला.

जेम्स फोर्ट पुढे तुरुंग झाला. १९५१ च्या फेब्रुवारीत निवडणूक झाली तेव्हा क्वामे एन्क्रुमा याच तुरुंगात होते. ते तुरुंगातून निवडून आले आणि गव्हर्नरला त्यांना सोडून सरकार बनवायला बोलवावे लागले. ६ मार्च १९५७ च्या मध्यरात्री त्यांनी जुन्या पोलो मैदानावर स्वातंत्र्य जाहीर केले. तीच जागा आज त्यांचे स्मारक आहे. १९९२ मध्ये बांधलेले हे स्मारक दुरुस्तीनंतर २०२३ मध्ये पुन्हा उघडले. कारंज्यांचे आणि पुतळ्याचे फोटो सगळेच काढतात. तुम्ही मागे ठेवलेला मोडका पुतळा शोधा. १९६६ च्या लष्करी उठावानंतर जमावाने एन्क्रुमांचा पुतळा फोडला. त्याचे धड आणि डोके तिथे वेगवेगळे ठेवले आहे. ज्यांना डोक्यावर घेतले त्यांनाच हाकलले आणि वीस-पंचवीस वर्षांनी मानाने परत आणले, हे देशाने झाकून ठेवलेले नाही. मला या शहरात सर्वांत जास्त आदर वाटतो तो या प्रामाणिकपणाचा.

तिथून चालत ब्लॅक स्टार स्क्वेअर या चौकात जाता येते. त्याच परिसरातल्या एका चौरस्त्याजवळ २८ फेब्रुवारी १९४८ ला माजी सैनिकांच्या मोर्चावर गोळीबार झाला आणि तिघे मेले. ही माणसे ब्रिटिशांसाठी बर्मा आघाडीवर जपान्यांशी लढून आली होती, भारतातूनच तिकडे गेलेली होती. कबूल केलेले निवृत्तिवेतन मागत होती. स्वातंत्र्याचा लढा खरा पेटला तो या गोळीबारानंतर.

भारताशी असलेले धागे

एन्क्रुमा आणि नेहरू अलिप्ततावादी चळवळीतले सहकारी. सिंधी व्यापारी गोल्ड कोस्टच्या काळापासून तिथे दुकाने चालवत आहेत. मेलकॉम ही घरोघरी माहीत असलेली दुकानांची साखळी त्यांच्यातल्याच एका कुटुंबाची. ज्युबिली हाउस भारताच्या कर्जसाहाय्यातून मुंबईच्या शापूरजी पालनजी कंपनीने बांधले. अक्रातल्या ओडोरकोरला घानानंद सरस्वती या घानातच जन्मलेल्या स्वामींनी १९७५ मध्ये स्थापन केलेला हिंदू मठ आहे. तिथले भक्त भारतीय वंशाचे नव्हेत, घानाचेच आहेत. ते गणपतीही बसवतात आणि समुद्रात विसर्जन करतात. भाद्रपदात अक्रात असाल तर चौकशी करून जा, चप्पल बाहेर काढून बसा.

अवघड धागाही आहे. लेगॉनच्या विद्यापीठात राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या भेटीत २०१६ मध्ये गांधीजींचा पुतळा बसवला गेला. दक्षिण आफ्रिकेतल्या सुरुवातीच्या काळात गांधीजींनी कृष्णवर्णीयांविषयी जे लिहिले होते, त्यावर बोट ठेवून प्राध्यापकांनी विरोध केला आणि डिसेंबर २०१८ मध्ये पुतळा हलवला. भारतीय म्हटल्यावर कुणी तुम्हाला याविषयी विचारू शकेल. रागावू नका, आधी त्यांचे म्हणणे ऐका. भारतात शिकलेल्या आफ्रिकी विद्यार्थ्यांना घरभाड्यापासून रस्त्यापर्यंत काय ऐकावे लागते, हेही त्या ओघात निघते, आणि त्यावर आपल्याकडे चांगले उत्तर नाही.

बाजार

मकोला बाजार बायकांचा. मिरची, टोमॅटो, कापड अशा एकेका मालाची एक प्रमुख बाई असते आणि तिचा शब्द चालतो. १९७९ मध्ये लष्करी राजवटीने महागाईचे खापर या बायकांवर फोडून बाजार पाडला होता. त्यांनी तो पुन्हा उभा केला. छापील कापड यार्डावर घ्या, तेही पहिल्या दोन दिवसांत, म्हणजे शिंप्याला शिवायला वेळ मिळेल. हातात पिशवी एकच ठेवा, फोन आत. डोक्यावर ओझे घेतलेली मुलगी मागून ‘आगो’ म्हणाली तर पटकन बाजूला व्हा, ती वाट मागते आहे.

घरच्यांसाठी टेमात बनणारे गोल्डन ट्री चॉकलेट आणा. घाना कोको पिकवतो आणि त्याचे चॉकलेट बहुतेक परदेशात बनते. हे मात्र तिथलेच आहे.

टेशीचे सुतार

पूर्वेकडे टेशीला रस्त्यालगत सुतारांच्या कार्यशाळा आहेत, तिथे माशाच्या, कोकोच्या फळाच्या, विमानाच्या आकाराच्या शवपेट्या घडवतात. सेथ काने क्वेइ यांनी गेल्या शतकाच्या मध्यावर ही कला नावारूपाला आणली, आता तिचे नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत. कोळ्याला मासा, शेतकऱ्याला कोको. पेटी मातीतच जाणार हे ठाऊक असूनही सुतार खवल्यागणिक रंग भरतो. बघायला जा, पण इथले गिऱ्हाईक म्हणजे दुःखात असलेले घर आहे हे लक्षात ठेवून हळू बोला.

केप कोस्ट आणि एल्मिना

दोन दिवस अक्राबाहेर जायचे असेल तर पश्चिमेला केप कोस्ट, सुमारे दीडशे किलोमीटर. त्याच्या पुढे एल्मिना. एल्मिनाचा किल्ला पोर्तुगिजांनी १४८२ मध्ये बांधायला घेतला, वास्को द गामा कालिकतला पोचण्याआधी सोळा वर्षे. गोव्याचा इतिहास ज्यांना घरचा आहे त्यांनी तो पाहायलाच हवा. गोव्याकडे येणाऱ्या त्या सत्तेने आधी इथे पाय रोवले होते. केप कोस्टच्या किल्ल्यात पुरुष कैद्यांच्या तळघराच्या बरोबर वर प्रार्थनामंदिर होते. तळघरात उजेड फटीतून येतो. अमेरिकेतून आलेली माणसे तिथे भिंतीला हात लावून रडत उभी असतात. त्यांच्यासमोर सेल्फी काढू नका आणि मुलांना आधीच समजावून न्या.

एका दिवसात जाऊन येता येते, पण वाटेतल्या कसोआच्या वाहतूक कोंडीत संध्याकाळ जाते, म्हणून एल्मिनाला मुक्काम करावा. निघायचे तर पहाटे पाचच्या आत. शनिवार टाळा. दक्षिण घानात मोठे अंत्यविधी शनिवारी असतात, लाल-काळ्या कपड्यांतली माणसे भरलेल्या बसगाड्या गावोगावी जात असतात आणि किनाऱ्याचा रस्ता दुपारपर्यंत भरलेला राहतो.